चूल वेगळी झाली तरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणात मंडळाने वर्षभरात काय काय केले त्याचा आढावा घ्यावा, अशी आपल्याकडे रीत आहे. चिटणीसबाईंनी तो आढावा लिहून माझ्या हाती दिलाही होता. शिवणवर्ग, कापणीच्या सणाची विक्री, आजाऱ्यांच्या भेटी, सगळे त्यात नीट मांडलेले आहे आणि ते या स्मरणिकेत अन्यत्र छापले जाईलच. परंतु गेल्या पावसाळ्यापासून आपल्या मंडळीत जे चालले आहे ते येथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक असताना मी उभी राहून शिवणवर्गाचे आकडे वाचावे, हे मला बरे वाटेना. म्हणून अध्यक्षबाईंची परवानगी काढून मी विषय बदलला आहे.

शेजारणींसाठी थोडा खुलासा करते. आम्ही ‘मंडळी’ म्हणतो ती म्हणजे एका देवळात उपासनेला जमणारी कुटुंबे. आमच्या या मंडळीत आज दोन तट पडले आहेत. एक तट सकाळी साडेआठला देवळात बसतो, दुसरा साडेदहाला शाळेच्या वर्गात बाकांवर. कारण काय झाले, कोणाचे चुकले, हे मी सांगणार नाही. सांगू लागले तर निम्म्या जणी माना डोलावतील आणि निम्म्या उठून जातील. प्रकरण वकिलाच्या नोटिशीपर्यंत गेले आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. तुमच्याकडे भाऊबंदकी होते, वाटण्या होतात, चुली वेगळ्या होतात, तसेच हे समजा. फरक इतकाच की, आम्ही दर रविवारी एकाच बापाची लेकरे म्हणून प्रार्थना करतो आणि बाहेर आल्यावर चपला घालताना एकमेकींना सलामसुद्धा करत नाही.

मी काही विदुषी नव्हे. पण मुलांना इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे मनाला घोर लागला की मी जुन्या गोष्टी वाचीत बसते. या वर्षात मी स्कॉटलंडच्या चर्चची गोष्ट वाचली. तुम्ही म्हणाल, एवढ्या लांबची गोष्ट कशाला? ती लांबची नाही. मुंबईचे विल्सन कॉलेज, नागपूरचे हिस्लॉप कॉलेज, जालन्याजवळचे बेथेल गाव, ही सगळी त्याच घराण्यातली.

स्कॉटलंडमध्ये १७१२ साली एक कायदा झाला. गावच्या देवळात पाळक कोण नेमायचा हे गावच्या जमीनदाराने ठरवावे, असा तो कायदा. लोकांना हे कधीच रुचले नव्हते. पुढे १८३४ साली तेथील चर्चच्या महासभेने ठराव केला की, मंडळीतील बहुसंख्य कुटुंबप्रमुखांनी नको म्हटले तर तो पाळक नेमू नये. लगेच ऑख्टरार्डर नावाच्या गावी प्रसंग उभा राहिला. जमीनदाराने एक तरुण पाळक सुचविला, त्याच्या बाजूने सह्या पडल्या दोन आणि विरुद्ध पडल्या २८७. तो तरुण आणि जमीनदार कोर्टात गेले, आणि कोर्टाने, व नंतर १८३९ साली लंडनच्या लॉर्डांच्या सभेने, निकाल दिला की चर्चला असा नकार देण्याचा अधिकारच नाही.

मार्नॉक गावची गोष्ट याहूनही बोलकी आहे. तेथे सुचविलेल्या पाळकाच्या बाजूने मंडळीतील एकाच माणसाची सही होती, तो खाणावळवाला! तरीही १८४१ च्या जानेवारीत त्या पाळकाला दीक्षा देण्याचे ठरले. बाहेर बर्फ पडलेला. देऊळ माणसांनी भरलेले. दीक्षेचा विधी सुरू होण्यापूर्वी मंडळीतील लोक उठले, आपापली पवित्र शास्त्रे बाकांवरून उचलली आणि मुकाट्याने बर्फात चालते झाले. मी हे वाचले तेव्हा माझ्या मनात आले, त्यांत म्हाताऱ्या असतील, अंगावर पोर असलेल्या असतील. वर्षानुवर्षे ज्या बाकावर बसलो तो बाक सोडून जाताना बाईला काय वाटते हे पुस्तकात नाही, पण ते आपल्यापैकी काहींना आता कळले आहे.

अखेर १८ मे १८४३ या दिवशी एडिंबरोत महासभा भरली. अध्यक्ष डेव्हिड वेल्श यांनी निषेधाचे पत्रक वाचले, राणीच्या प्रतिनिधीला वाकून नमस्कार केला आणि ते दाराकडे चालू लागले. त्यांच्या मागोमाग थोर उपदेशक टॉमस चामर्स आणि पुढे सारी रांगच रांग. ते सर्व उतरणीच्या रस्त्याने टॅनफिल्ड हॉलमध्ये गेले आणि तेथे त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापन केले. सुमारे बाराशे पाळकांपैकी ४७४ बाहेर पडले. म्हणजे दर पाचांतले दोन. भगिनींनो, पाळक बाहेर पडला असे आपण एका शब्दात म्हणतो. पण पाळकाचे घर चर्चचे, पगार चर्चचा. त्या ४७४ जणांपैकी ज्यांना बायकामुले होती त्यांच्या बायकांना भांडी बांधून, पडदे उतरवून, परसातली लावलेली भाजी तशीच टाकून निघावे लागले असणार. अध्यक्ष वाकून बाहेर पडले याची चित्रे निघाली. त्या बायकांची मला तरी कोठे आढळली नाहीत.

पुढे चामर्स यांनी युक्ती काढली. प्रत्येक कुटुंबाने आठवड्याला एक पेनी द्यावी. चार वर्षांत सातशेहून अधिक देवळेही उभी राहिली. जेथे जमीनदाराने जागा नाकारली तेथे लोक रस्त्याच्या कडेला, माळावर, पावसात उभे राहून उपासना करीत. स्ट्रॉन्शियन नावाच्या गावी एक तसूभर जमीन मिळेना, तेव्हा त्यांनी लोखंडी नावेवर देऊळ बांधवून १८४६ साली खाडीत नांगरून ठेवले! लोक होड्यांतून उपासनेला जात. शंभर माणसे चढली की ती नाव इंचभर खाली बसे, असे सांगतात. ज्या पाळकाला लोक अधिक, त्याच्या दिवशी नाव अधिक बुडायची. आपल्याकडे असे माप नाही हे बरेच म्हणायचे.

मी स्वतः या भांडणात बाहेर पडणाऱ्यांच्या बाजूची आहे. लोकांवर पाळक लादू नये हे मला पटते. परंतु एवढ्यावर गोष्ट थांबविली तर ती अर्धी होईल. याच फ्री चर्चने नव्या देवळांसाठी अमेरिकेत वर्गणी मागितली, आणि तेथील दक्षिण भागातील गुलाम बाळगणाऱ्या ख्रिस्ती लोकांचेही पैसे घेतले. १८४६ साली फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलामगिरीतून पळून आलेला गृहस्थ, तो स्कॉटलंडभर व्याख्याने देत फिरला आणि हे पैसे परत करा म्हणून त्याने हाक दिली. भिंतींवर ते शब्द रंगविले गेले. पैसे परत गेले नाहीत. आणि जे मागे राहिले ते सर्वच भित्रे किंवा जमीनदाराचे मिंधे होते असेही नव्हे. नॉर्मन मॅक्लिऑड मागे राहिले. ते पुढे १८६७ साली हिंदुस्थानातही आले होते, आणि ग्लासगोच्या गरीब वस्तीत त्यांनी केलेले काम कोणी नाकारणार नाही. आमचा तट तेवढा देवाचा आणि तुमचा सैतानाचा, असे म्हणण्यापूर्वी हे दोन्ही मनाशी आणावे.

आता मुंबईकडे येऊ. ही फूट पडली तेव्हा हिंदुस्थानातले स्कॉटिश मिशनरी सगळेच्या सगळे फ्री चर्चच्या बाजूने गेले. मुंबईत रॉबर्ट नेस्बिट व मरे मिचेल होते. जॉन विल्सन त्या वर्षाच्या सुरुवातीलाच स्वदेशी जायला निघाले होते आणि पॅलेस्टाइनमार्गे प्रवास करीत होते. त्यांच्याबरोबर धनजीभाई नवरोजी नावाचे पारशी तरुण होते. त्यांचा बाप्तिस्मा १८३९ साली झालेला आणि त्यावरून सारी मुंबई हादरलेली. घरचे, जातीचे सगळे सोडून हा तरुण ज्या मंडळीत आला ती मंडळी तो एडिंबरोला पोहोचतो तो दोन झालेली! त्याला काय वाटले असेल? पण तो मागे फिरला नाही. तेथे शिकला आणि १८४६ साली पाळकपदाची दीक्षा घेऊन परत आला.

इकडे मुंबईत शाळेची इमारत जुन्या चर्चच्या नावावर. म्हणून ज्यांनी ती उभारायला कष्ट केले तेच बाहेर पडले आणि भाड्याच्या जागेत वर्ग भरू लागले. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांच्यावरही तीच पाळी. त्यांनी जमविलेला ग्रंथसंग्रह, शास्त्राची उपकरणे, इमारत, सारे सोडून ते भाड्याच्या घरात गेले. मला येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते की, ते किल्ल्या देऊन निघाले. दावा लावला नाही. आणि याच पडत्या वर्षी, १८४३ मध्ये, नेस्बिटसाहेबांच्या हातून नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला. पुढे जालन्याजवळ बेथेल गाव वसविणारे हेच ते रेव्हरंड नारायण शेषाद्री. इमारत नसताना मंडळीत माणूस आला, हे मला फार लक्षात ठेवण्यासारखे वाटते.

आपण स्त्रिया आहोत म्हणून आणखी एक गोष्ट. १८३७ साली एडिंबरोतल्या बायकांनी हिंदुस्थानातील मुलींच्या शिक्षणासाठी एक मंडळ काढले होते. मुंबईत विल्सनसाहेबांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि १८३५ साली त्या वारल्या, त्या कामाला हातभार लागावा अशी त्या मंडळाची धडपड. पण १८४३ नंतर बायकांचेही मंडळ दोन झाले. पुरुषांचे भांडण महासभेत झाले आणि सुया-दोरे घेऊन बसणाऱ्या बायकांनी आपली खोलीसुद्धा वाटून घेतली! मुंबईपुण्याच्या शाळेतली एखादी मुलगी पाटी घेऊन बसली असेल, तिला कोठून कळणार की तिच्या पुस्तकाचे पैसे पाठविणाऱ्या दोन बायका आता एका रस्त्याने जात नाहीत?

ज्या कायद्यावरून एवढे रामायण घडले, तो कायदा १८७४ साली सरकारने रद्द केला. म्हणजे फुटीनंतर अवघ्या ३१ वर्षांनी भांडणाचे मूळच नाहीसे झाले. मग दोन्ही चर्चे एक झाली का? नाही. एक व्हायला १९२९ साल उजाडावे लागले. आणखी ५५ वर्षे! कारण संपले आणि भांडण उरले. दोन तट, दोन देवळे, दोन मंडळे, दोन कबरस्ताने यांची सवय होऊन जाते. मुले जन्मतात ती ‘आपल्यातला’ आणि ‘त्यांच्यातला’ हे शब्द ऐकतच.

मध्यंतरी आणखी एक प्रकार घडला, तोही सांगते. १९०० साली फ्री चर्चचे दुसऱ्या एका चर्चशी ऐक्य झाले, पण थोडे लोक, बहुतेक डोंगराळ भागातले, त्या ऐक्यात गेले नाहीत. त्यांच्याकडे तीसपेक्षाही कमी पाळक. त्यांनी दावा लावला की, जुन्या तत्त्वाला धरून राहिलो ते आम्ही, म्हणून सारी मालमत्ता आमची. आणि १९०४ साली लॉर्डांच्या सभेने ती सारी मालमत्ता खरोखरच त्यांना देऊन टाकली! शेकडो देवळे, कॉलेजे, मिशनचे पैसे. मूठभर लोकांना ते सांभाळणेही शक्य नव्हते. शेवटी १९०५ साली पार्लमेंटला निराळा कायदा करून त्याची रीतसर वाटणी करावी लागली. ज्यांचे पूर्वज इमारतीवर पाणी सोडून बर्फात गेले होते, त्यांची नातवंडे इमारतीसाठी कोर्टात उभी होती. मी हे पान वाचले तेव्हा वकिलाच्या नोटिशीची प्रत माझ्याच टेबलावर पडलेली होती.

१९२९ च्या २ ऑक्टोबरला एडिंबरोत दोन्ही महासभा आपापल्या जागेवरून मिरवणुकीने निघाल्या, रस्त्यात एकमेकींना भेटल्या आणि एकत्र सेंट जाइल्सच्या देवळात गेल्या. ८६ वर्षे झाली होती. फुटीचा दिवस पाहिलेले कोणी तेव्हा बहुधा हयात नसणार. कलकत्त्यात तर त्याआधीच, १९०८ साली, दोन्ही स्कॉटिश कॉलेजे एक झाली होती. त्यांनी नाव ठेवले ‘स्कॉटिश चर्चेस कॉलेज’, अनेकवचनी. १९२९ साली त्यातले अनेकवचन गेले आणि ‘स्कॉटिश चर्च कॉलेज’ झाले. व्याकरण शिकविताना असले उदाहरण मला कधी मिळाले नव्हते. काही लोक तेव्हाही ऐक्यात गेले नाहीत आणि फ्री चर्च त्यांच्या रूपाने आजही स्कॉटलंडमध्ये आहे, हेही सांगायला हवे. गाठ पूर्ण सुटत नाही.

आपल्याकडचे थोडे. १९२४ साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाले, त्यात अहमदनगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या होत्या. माझे वडील त्यातले. आणि मग २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चे एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. ज्या नागपुरात १८४५ साली फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप येऊन राहिले, त्याच नागपुरात. मी तेव्हा बारा वर्षांची होते. वडील आम्हांला रेल्वेने घेऊन गेले होते. गर्दी, मांडव, निरनिराळ्या झग्यांतले बिशप, एवढे मला आठवते. आणि आईचा चेहरा आठवतो. माझ्या आईचे माहेर मेथडिस्ट. कित्येक वर्षे ऐक्याची बोलणी चालली होती त्यांत मेथडिस्ट चर्चही होते, आणि ऐन वेळी त्यांनी माघार घेतली. माझे दोन्ही मामा नागपूरला यायचे होते, ते आले नाहीत. आई मांडवात बसली होती, सगळ्यांबरोबर गात होती, आणि तिच्या शेजारची जागा तिने पिशवी ठेवून शेवटपर्यंत धरून ठेवली होती.

महिन्याने नाताळ आला. वडील म्हणाले, यंदा मामांकडे जावे की नाही विचार कर, तेथे विषय निघेल. आई म्हणाली, निघू दे. तिने नेहमीप्रमाणे करंज्यांचा डबा भरला आणि आम्हांला घेऊन गेली. विषय निघाला. मामा तावातावाने बोलले, वडीलही बोलले. आई आणि मामी आत तळण काढीत बसल्या होत्या. जेवताना मामांनीच प्रार्थना केली.

मला वाटते, हे ऐकून कोणी म्हणेल की जुन्या काळी माणसे भाबडी होती. पण हे आताही चालू आहे. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चची बातमी तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. समलिंगी व्यक्तींचा विवाह देवळात लावावा की नाही, त्यांना पाळकपदाची दीक्षा द्यावी की नाही, यावर त्यांचे बरीच वर्षे मतभेद होते. २०१९ पासून २०२३ अखेर मंडळ्यांना दोनतृतीयांश मतांनी बाहेर पडण्याची मुभा मिळाली आणि तेथल्या जवळजवळ चौथा हिस्सा मंडळ्या, साडेसात हजारांहून अधिक, बाहेर गेल्या. आपल्या देशातले मेथडिस्ट चर्च १९८१ पासून स्वायत्त असल्याने ती फूट येथे आली नाही. माझी भाची टेक्सासात असते. तिच्या मंडळीतही मतदान झाले. तिने फोनवर सांगितले, “मावशी, मतमोजणी झाली, एका बाजूने टाळ्या वाजविल्या, आणि प्रभुभोजनाची भाकर घरी भाजून आणणाऱ्या म्हातारीने विचारले, आता मी पुढच्या रविवारी कोणासाठी भाजू?” त्या प्रश्नाचे उत्तर भाचीजवळ नव्हते, माझ्याजवळही नव्हते. विवाहाच्या प्रश्नावर येथे बसलेल्या आपणही एका मताच्या नाही, आणि तो प्रश्न लहान आहे असे मी म्हणणार नाही. पण टाळ्या कशाला वाजवायच्या?

पवित्र शास्त्रात पौलाची पत्रे आपण गुरुवारच्या वाचनात घेतो. करिंथच्या मंडळीत तट पडल्याची बातमी पौलाला कोणी कळविली, आठवते का? ख्लोवे नावाच्या बाईच्या घरच्या माणसांनी. आणि फिलिप्पैच्या पत्रात युवदीया आणि सुंतुखे या दोघींची नावे येतात. सुवार्तेच्या कामात दोघींनीही पौलाबरोबर कष्ट केलेले, आणि आता त्यांचे आपसात पटत नाही. पौल दोघींनाही विनंती करतो. मला त्यात आवडते ते असे की, तो प्रत्येकीला वेगवेगळी विनंती करतो आणि कोणाचे चुकले ते लिहीत नाही. भांडण कशावरून होते ते दोन हजार वर्षांत कोणाला कळलेले नाही. एवढे मोठे वाटले असेल ते त्या दोघींना, आणि आज त्याचा मागमूस नाही. खुद्द पौलाचेही बर्णबाशी मार्कावरून एवढे वाजले की दोघे दोन वाटांनी गेले. पुढे म्हातारपणी तुरुंगातून लिहिताना तो मार्काला घेऊन ये म्हणून सांगतो. मधल्या वर्षांत काय झाले, कोणी कोणाला आधी सलाम केला, ते लिहिलेले नाही.

आता आपले. उन्हाळ्यात पास्टरेट कमिटीकडून आणि दुसऱ्या तटाकडूनही मंडळाला पत्रे आली. मंडळाची पातेली, पराती, हार्मोनियम, कपाट आणि पासबुक हे कोणत्या बाजूचे समजायचे, ते कळवावे. दोन्ही पत्रांतला मजकूर जवळजवळ सारखाच होता, हे वाचून आम्हांला हसू आले आणि मग हसू आले याचे वाईट वाटले. कार्यकारिणीत दोन्ही तटांच्या बाया आहेत. दोन तास चर्चा झाली, एकदोघी रडल्या. शेवटी ठरले की, दोन्ही पत्रांना उत्तर द्यायचे नाही, भांडी ज्या कोणाच्या घरी लग्न-मयत असेल तेथे जातील, आणि गुरुवारचे वाचन देवळातही नको, शाळेतही नको, घरोघरी पाळीपाळीने घ्यावे. एक गुरुवार इकडच्या घरी, एक तिकडच्या. हे इतिवृत्तात लिहिलेले आहे.

सोपे गेले नाही. पहिल्या गुरुवारी सात जणी आल्या. एका घरच्या यजमानांनी बायांना पाहून रेडिओ मोठा केला. एकदा प्रार्थनेतच टोमणे निघाले. देवाला उद्देशून, पण ऐकणारीला बरोबर लागतील असे. त्यानंतर आम्ही नियम केला की, या वाचनात तोंडी प्रार्थना अर्ध्या वर्षापुरती बंद, फक्त प्रभूची प्रार्थना एकत्र म्हणायची. कोणी म्हणेल, हा कसला विश्वास? मला वाटते, तोंड बंद ठेवता येणे हाही विश्वासच आहे.

ऑगस्टात आपल्या बायबल बाई वारल्या. नाव घेत नाही, तुम्हांला ठाऊक आहे. नव्वदी ओलांडलेली, निम्म्या आळीच्या बाळंतपणांना आणि मयतांना गेलेली बाई. दफनविधी कोणी करावा यावर बाहेर पुरुषांची बोलणी चालू होती, सकाळचे अकरा वाजले तरी ठरेना. आत आम्ही बायांनी पाणी तापविले. त्यांना न्हाऊ घातले, पांढरे पातळ नेसविले, केस विंचरले. त्या कामाला चार हात लागतात. माझ्या समोरच्या बाजूला जी होती, तिच्याशी मी आठ महिने बोललेली नव्हते.

हे मी आज सांगते आहे कारण नुसता स्कॉटलंडचा इतिहास सांगून खाली बसले तर ते खोटेपणाचे होईल. आम्हा दोघींची मैत्री चाळीस वर्षांची. तिचे घर त्या तटात, माझे या. तिच्या मुलीचे लग्न झाले त्याला मी गेले नाही. पत्रिका आली होती. मी साडी काढून ठेवली होती, आणि गेले नाही. लोक काय म्हणतील, माझ्या तटाचे लोक काय म्हणतील, या भीतीने. तिनेही नंतर माझ्या आजारपणात फिरकून पाहिले नाही. तिच्या बाजूने बरोबर होते. त्या दिवशी बाईंचा हात धरून मी कूस वळविली आणि ती म्हणाली, “जरा सावकाश.” एवढेच. मी म्हटले, “हो.” मग पुन्हा बोललो ते बाहेर पडताना, पातेली कोणाकडे न्यायची यावर.

बाहेर शेवटी दोन्ही पाळकांनी अर्धा अर्धा विधी केला. एकाने घरी, एकाने कबरेवर. शेजारच्या आळीतल्या बायांनी त्या दिवशी दोन्ही तटांना चहा दिला, त्याबद्दल मी त्यांचे आज जाहीर आभार मानते. त्यांना कोण कोठल्या तटाचे ते कळत नव्हते आणि त्यांनी विचारलेही नाही.

वाद मिटलेला नाही. नोटीस मागे घेतली गेलेली नाही. मी कमिटीतल्या आमच्या लोकांना सांगितले आहे की, १९०४ सालचे ते पान मी त्यांना वाचून दाखवायला तयार आहे, केव्हाही बोलवा. अजून बोलावणे आलेले नाही. मंडळाच्या कपाटाच्या दोन किल्ल्या आहेत, पहिल्यापासूनच दोन आहेत. एक माझ्याकडे असते आणि एक तिच्याकडे. उन्हाळ्यात एकाने मला सुचविले होते की कुलूप बदला. बदललेले नाही.

येता गुरुवार तिच्या घरी आहे. वाचनाला फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय आहे, तो मी निवडलेला नाही, क्रमाने आलेला आहे. गेल्या खेपेला एकवीस जणी होत्या आणि बसायला जागा पुरली नाही, तेव्हा येताना प्रत्येकीने आपापली सतरंजी आणावी, असे तिने निरोपात कळविले आहे.